सांडापासून उजवीकडे

८ नोव्हें.
उद्या गाइड म्हणून माझा पहिला ग्रुप. साताऱ्याची मंडळी, बहुतेक साठीच्या पुढची. पुण्याच्या ट्रॅव्हलवाल्या शैलाताईंनी बजावलं, "हा नीट झाला तर पूर्ण सीझन तुझा, मुक्ता." नाही झाला तर मी पुण्याला मामाकडे, कुठल्यातरी ऑफिसात कॉम्प्युटरसमोर. आईने बॅगसुद्धा माळ्यावरून काढून ठेवलीय. मला काशी सोडायची नाही. बस्स.

९ नोव्हें.
वाट लागली.
दर्शन करून बालाजी घाटावर नाव पकडायची होती. निम्मे भरभर चालणारे, त्यांना घेऊन मी पुढे. मागच्यांना सांगितलं, "सरळ या. काळा सांड बसलेला दिसेल, तिथून उजवीकडे." हा सांड कित्येक वर्षं त्याच वळणावर बसतो. आमच्या ब्रह्मा घाटाकडे सगळे त्याला धरूनच पत्ता सांगतात. आज तो उठला! अलीकडच्या कोपऱ्यावर कुणी कोबीचा पाला टाकला, हा तिथे जाऊन बसला. माझी मंडळी शिस्तीची. सांडापासून उजवीकडे वळली.
सगळे एका साडीच्या दुकानात सापडले. जगताप काका सोडून. वय पंच्याहत्तरच्या वर, फोन बंद, खाली गंगा. मी गल्ल्यांतून नुसती धावत होते. पानवाल्याला विचारलं तर म्हणे, "ऊ टोपीवाला बाबा? मराठी बोलत रहलन, त तोहरे घरे भेज देहली."
मराठी बोलले म्हणून थेट आमच्याच घरी पाठवलेलं! येऊन बघते तर काका पाटावर. समोर पोह्यांची दुसरी बशी, आणि आई रंगात येऊन गप्पा मारतेय. काका मलाच म्हणाले, "ये पोरी, बस. दमलीस." मी हसले की रडले? दोन्ही. नाव गेली ती गेलीच.

१० नोव्हें.
शैलाताईंचा फोन. तक्रार पोचली. "खूण म्हणून जनावर सांगतं का कुणी?" शेवटी म्हणाल्या, "चौदाला नाशिकचा ग्रुप आहे. तो बघते, मग ठरवते."
दिवसभर घरात येरझाऱ्या. बाबा पोथी वाचत होते, ते वैतागले. बसवतच नाही.

११ नोव्हें.
न उठणारी खूण शोधतेय. लाल दरवाजा? परवाच हिरवा झाला. कचौडीवाला मनात येईल तेव्हा येतो. भिंतीवरचा हनुमान? तो प्रत्येक गल्लीत आहे. खडूने बाण काढले, दुपारी कुणीतरी गल्ली धुतली. मग बाबांना यात्रेकरू केलं आणि म्हटलं, माझ्या मागून चला. पहिल्याच वळणावर त्यांना कुणी ओळखीचं भेटलं. अजून आलेले नाहीत.
मी पुढे राहिले तर मागचे हरवतात. मागे राहिले तर पुढचे. डोकं भणभणलंय.

१२ नोव्हें.
आई जेवताना एकदम म्हणाली, "जगतापांना आपली चटणी आवडली." मग वाढता वाढता, "लग्न होऊन आले तेव्हा मी पण त्याच वळणावर हरवले होते. भर गल्लीत रडत उभी. तेव्हा सांड दुसरा होता."
"मग?"
"मग काय? रोज हरवायचे. रोज कशीतरी घरी यायचे."
इतक्या वर्षांत हे कधी बोलली नाही. मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण हात खरकटा होता. बॅग आहे तिथेच आहे, दारामागे.

१४ नोव्हें.
नाशिकची मंडळी. ठरवलं, मी सगळ्यांत मागे, आणि पुढच्यांना ओरडून सांगायचं. गल्लीत ढोल चालले होते, माझा आवाज कुणाला जाणार! पुढचे वळणाकडे गेले, मी मागून देव आठवत.
सांड जागेवर नव्हता. त्याच्या जागी आई. इस्त्रीची साडी, हातात चहाची किटली. एकेकाला हात करून, "इकडून उजवीकडे. सांभाळून, पायऱ्या ओल्या आहेत." मी पोचले तर माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तो उठतो. मी आहे इथे."
सगळे पोचले. नाव मिळाली. एका आजींनी मात्र विचारलंच, "गाइड कोण, तू की त्या?"
घरी आले तर शैलाताईंचे मिस कॉल. चांगले की वाईट, कळायला मार्ग नाही. फोन हातात घेऊन बसलेय, लावायचं धाडस होत नाही.
आई आतून ओरडतेय, "पुढचा ग्रुप कधीचा ते विचार गं आधी. साडी इस्त्रीला टाकायचीय."