दुसरीचा चहा

३ जून

गेले एकदाची. मालकांनी बजावलंच होतं—समुपदेशक बाईंना भेट, नाहीतर महिनाभर रजा घे. प्लास्टरचा वाडगा मी भिंतीवर फेकला, त्याचा त्यांना राग आला नव्हता. भीती वाटली होती. आमच्या कवळ्यांच्या कारखान्यात मला सगळे ‘मेण’ म्हणतात. वाटेल तसं वळवा, वळते. मेण कधी वाडगा फेकतं का?

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, प्रत्येकाच्या आत एक सावली असते. आपण जे जे गिळतो ते तिच्या पोटात जातं. तिला हाकलू नका, मैत्री करा. चहाला बोलवा आणि ती काय म्हणते ते लिहून ठेवा. म्हणून ही वही.

सावलीला चहा! साखर किती घालायची ते मात्र सांगितलं नाही.

५ जून

संध्याकाळी दोन कप मांडले. मनातल्या सावलीला म्हटलं, ये ग बाई, दुसरे. तेवढ्यात आई आली. “कोण येणारे?”

कोणी नाही, म्हटलं.

“मग हा कप?”

मी तो तिच्याकडे सरकवला. तिने आनंदाने घेतला. दुसरी काही आली नाही.

८ जून

लिहायचंच आहे तर खरं लिहिते.

दात होते तोवर आईचं बोलणं म्हणजे सोलणं. तुझ्या हाताला चव नाही. तुझ्याकडे बघून आरसासुद्धा कंटाळत असेल. दादा बघ कुठल्या कुठे गेला आणि तू बसलीस लोकांचे दात घासत. मी तिच्यापुढे ताट ठेवायची आणि खोलीचं दार लावून एकटी जेवायची. कितीतरी वर्षं असंच.

हिवाळ्यात तिचे उरलेले दात काढले आणि बोलणं थांबलं. बोळक्या तोंडाची तिला लाज वाटते. आता मी तिच्याजवळ बसून जेवते. तिला बटाटा कुस्करून देते, सूप गाळून देते. “आज कोणाचे दात होते?” एवढंच ती विचारते आणि माझ्याकडे बघत बसते. आज एका गाणाऱ्या बाईंचे होते, तान घेतली की वरची कवळी खाली येते. आई तोंडावर हात धरून हसली.

तिला हसवायला मला आवडतं. हे लिहितानाही विचित्र वाटतंय.

११ जून

मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, “मेण, गावाला दात बसवतेस, आईची कवळी कधी?”

आधी तिचा प्लास्टरचा साचा फुटला. मग हिवाळ्यातच पुन्हा माप घेतलं, उन्हाळ्यात मेणात दात रचले, तर ती रचना मी खिडकीत उन्हात विसरले. वितळून लगदा! इतक्या वर्षांत एका गिऱ्हाइकाचं काम मी असं घालवलेलं नाही. मालक म्हणाले, घरचं काम म्हटलं की असंच होतं. सगळे हसले. मीही हसले.

१४ जून

आली. दुसरी आली!

भांडी घासत होते. सहज मनात विचारलं, साचा तू फोडलास का?

“हो.”

आणि उन्हात?

“तेही मीच. घर शांत आहे ना? मग?”

नळ तसाच वाहत राहिला. आतून आईने विचारलं, काय झालं? काही नाही, म्हटलं.

१७ जून

बाईंना सांगितलं, आली. त्या खूश. म्हणाल्या, घाबरू नका, तिला काय हवंय ते विचारा.

तिला आईचं तोंड बंद हवंय. हे बाईंना कोणत्या तोंडाने सांगू? म्हटलं, अजून नीट बोलत नाही ती.

२० जून

शेजारच्या काकू आईला पुन्हा डोळे दाखवायला घेऊन गेल्या. इतक्यांदा डोळे? चष्मा तर तोच जुना आहे. पण मला कारखान्यातून सुटी मागावी लागत नाही, म्हणून मी खोदून विचारत नाही.

२४ जून

दादाचा फोन. “तुझा धंदाच तो आणि आईला दात नाहीत? लोक काय म्हणतील?”

मी नेहमीसारखी ‘हो दादा’ म्हणणार होते. तोंड उघडलं आणि दुसरीच बोलली, “तू ये आणि चावून दे तिला.”

फोन ठेवला. बरं वाटलं. इतकं बरं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. दुसरीला खरोखरचा चहा दिला. तिच्या वाट्याचाही मीच प्यायले.

२९ जून

आई वाळत चालली आहे. मनगट माझ्या चिमटीत मावतं.

२ जुलै

दुसरीशी सौदा केला. मी आईला दात देते. पुन्हा ती सोलायला लागली तर उत्तर तू द्यायचंस, मी आड येणार नाही. दुसरी म्हणाली, बघू.

बाईंना हे सांगितलं. त्यांच्या मते ही मोठी प्रगती.

७ जुलै

कवळी झाली. न फुटता, न वितळता. दात किंचित पिवळसर घेतले, तिचे होते तसे. समोरच्या एकाला जरासा कल दिला. घरी येताना पिशवी छातीशी धरून चालले.

आईच्या तोंडात बसवली तर वरची लगेच खाली आली. खालचीही हलते.

क्षणात कळलं. मी हिवाळ्यातल्या मापावर काम केलं. दात काढले की हिरड्या बसत जातात, जुनं माप चालत नाही—हे आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगतात. नव्यांना ते सांगते कोण? मीच!

आईला म्हटलं, उद्या नवीन माप घेऊ. तिने कवळी माझ्या हातात परत दिली. “नको आता. राहू दे. बटाटा बरा आहे.”

मला सुटल्यासारखं वाटलं. ते मला दिसलं आणि स्वतःची किळस आली.

८ जुलै

दुसरीला विचारलं, का केलंस? ती म्हणाली, मी हातही लावला नाही.

खरं आहे. जुनं माप मीच उचललं, पूर्ण शुद्धीत. मैत्री करा म्हणाल्या होत्या बाई. झाली. आता आमच्यातली कोण कुठली ते मलाच सांगता येत नाही.

बाईंकडे जाणं बंद केलं.

१५ जुलै

ताप. आई सूपही नको म्हणते.

१९ जुलै

इस्पितळात. नाकातून नळी घातली आहे. डॉक्टरांनी विचारलं, खाणं कधीपासून कमी झालं? हिवाळ्यापासून, मी म्हटलं. ते लिहून घेत होते. तुम्ही काय काम करता, असं विचारतील या भीतीने मी खाली बघत उभी राहिले.

२२ जुलै

तिच्या कानाशी बसून आज कोणाचे दात होते ते सांगितलं. बोटं हलली. आता तोंडाने खाणं होईलसं वाटत नाही, असं नर्स म्हणाली. कवळीचा प्रश्नच मिटला.

२६ जुलै

आईचा चष्मा घ्यायला घरी आले. तिच्या लोकरीच्या पिशवीत, तळाशी, एक डबी. आत कवळी. दुसऱ्या कोणाच्या तरी हातची. काम सुरेख आहे, नव्या मापावरचं. आणि दातांवर ओरखडासुद्धा नाही. एक घास चावलेला नाही.

काकूंना गाठलं. त्या रडायलाच लागल्या. “डोळ्यांचं खोटं होतं ग. दातांच्याच डॉक्टरांकडे नेत होते मी. कवळी मिळाली त्या दिवशी त्यांनी घालून आरशात बघितलं आणि लगेच काढली. म्हणाल्या, हे दात घातले की मी पुन्हा तशीच बोलेन, आणि ती पुन्हा दार लावून जेवेल. तिला सांगू नको, म्हणून शपथ घातली मला.”

आईचीही एक दुसरी होती तर. आईने तिला चहाला नाही बोलावलं. डबीत घालून ठेवलं आणि बटाटा खात राहिली, मी जवळ बसावं म्हणून.