गणपतरावांच्या विहिरीतली प्रौढांची शर्यत

राजारामपुरी, कोल्हापूर
बुधवार, ता. २३ मे १९७९

ती. सौ. माईस,

माधवचा साष्टांग नमस्कार. (पाठ अशी धरली आहे की उठून बसण्यापेक्षा आडवं पडूनच लिहिणं सोपं जातंय, तेव्हा हा नमस्कार अगदी खरोखरीचा समज.) दाजींचा खोकला उतरला का? तू वेळेवर जेवतेस ना, की अजूनही आल्यागेल्यांना वाढण्यातच दुपार टळते? आमच्याकडे सर्व क्षेम आहे. हे वाक्य मी जन्मभर सवयीनं लिहीत आलो; गेल्या रविवारपासून मात्र विचार करून लिहितो. कवठाची बर्फी पोचली. निम्मी आम्ही खाल्ली, निम्मी सांगलीच्या पाहुण्यांनी. हे पाहुणे कोण आणि ते आमच्या बाहेरच्या खोलीत ओले टॉवेल गुंडाळून का बसले होते, एवढंच कळवायला हे पत्र.

आमच्या गल्लीच्या मंडळानं यंदा चाळिशी उलटलेल्यांसाठी पोहण्याच्या शर्यती भरवल्या. कल्पना माझीच. पोराटोरांच्या शर्यती सगळेच घेतात, पण संसाराला लागलेला माणूस एकदा पाण्याबाहेर आला की पुढं फक्त अंघोळीपुरताच भिजतो, असं मी सभेत बोलून गेलो आणि लोकांनी टाळ्या वाजवून मला चिटणीस केलं. (सभेत चांगलं वाक्य सुचलं तर गिळून टाकावं, हा धडा पाठ्यपुस्तकात घालायला हवा.) सांगली, मिरज, बेळगाव सगळीकडे कार्डं टाकली. होकार भराभर आले, आणि शर्यतीला चार दिवस उरले असताना शहरातल्या पोहण्याच्या तलावाचं पाणी फरशा बदलण्यासाठी उपसलं गेलं. मी दारात सुतकी चेहरा करून बसलो होतो. तेवढ्यात आमच्याकडे दुधाचा रतीब घालणारे गणपतराव आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, एवढ्यासाठी तोंड पाडून बसलायसा व्हय? माझी हीर हाय की! आणा समद्यास्नी."

माई, मे महिन्यात ऊस पाण्याला आलेला असताना त्या माणसानं तीन दिवस मोटार बंद ठेवली, का तर आमच्या पोटाला विहिरीचा तळ लागू नये! मी आभार मानायला गेलो तर म्हणाले, ऊस काय, फुडच्या आठवड्यात बी पितोय. त्यांची थोरली बहीण धोंडुबाई, वय साठीच्या आसपास, हिनं भावकीतल्या बायका जमवून पहाटेपासून भाकऱ्या थापायला घेतल्या. आमची मीनाक्षी तिच्या हाताखाली होती. (मीनाक्षीची भाकरी बघून धोंडुबाई म्हणाली, "बाई, नकाशा करू नगंसा, भाकरी करा." माझ्यासारख्या भूगोलाच्या शिक्षकाच्या बायकोला!)

आता अडचण अशी की विहीर गोल. साठ फूट रुंद, पायऱ्या बांधलेल्या, पाणी हिरवंगार, सगळं खरं, पण गोल. आम्ही या काठापासून त्या काठापर्यंत दोऱ्या ताणल्या तेव्हा ध्यानात आलं, की मधल्या पट्ट्यातल्याला साठ फूट पोहायचंय आणि कडेच्याला जेमतेम चाळीस. त्यावरून बेळगावकर आणि मिरजकर यांची अशी जुंपली, की सीमाप्रश्न परवडला. शेवटी मी निकाल दिला, जो वयानं थोर त्याला कडेची दोरी. झालं! सकाळी नाव नोंदवताना जे गृहस्थ "नुकतीच चाळिशी लागली हो" म्हणून केसांवरून हात फिरवत होते, ते पाच मिनिटांत अठ्ठावन्न वर्षांचे झाले. एकानं तर आपण प्लेगच्या साथीत रांगत होतो असं शपथेवर सांगितलं. जन्माचा दाखला कुणाजवळच नाही, मी तरी काय तपासू? एकटे हंबीरराव पैलवान तेवढे म्हणाले, "मी बावन्नचाच हाय मास्तर. मला मधनं सोडा." खोटं वय सांगायला त्यांना लाज वाटली, म्हणून सगळ्यांत लांबचा पट्टा त्यांच्या वाट्याला आला.

मी शिट्टी वाजवली. आठ प्रौढांनी एकदम उडी टाकली तशी विहिरीचं पाणी तीन पायऱ्या वर चढलं आणि काठावरचं मंडळ भिजलं, शिवाय सांगलीकरांनी काठावर ठेवलेले कपडे आणि टॉवेलही; आमच्या बाहेरच्या खोलीतलं त्यांचं ते ध्यान त्यामुळंच. निम्म्या वाटेवर हंबीररावांच्या पोटरीत गोळा आला. त्यांनी एक हात वर केला. लोकांना वाटलं, पैलवान सलामी देताहेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. हात खाली गेला तो वर येईना. आम्ही नेमलेले डॉक्टर मोटारीपाशी उसाचा रस पीत उभे होते. मग मी तसाच, चष्मा आणि शिट्टीसकट, उडी मारली.

पोहायला मला येतं, हे तुला ठाऊक आहे. बुडत्याला कसं धरायचं हे येत नव्हतं, आणि हंबीररावांना धरायचं कसं हे पुरेपूर येत होतं. तीस वर्षं तालमीत काढलेला गडी. हाताला लागलं त्याला त्यांनी कैचीच घातली. आम्ही दोघं खाली चाललो. वरचा उजेड हिरवा होत होत काळा झाला. माई, त्या वेळी देव आठवला असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण मला दहावीचे न तपासलेले पेपर आठवले. आणि मीनाक्षी.

तेवढ्यात माझी शेंडी असती तर धरावी, तसे कुणीतरी माझे केस धरले. धोंडुबाई! भाकरीचं पीठ हाताला तसंच, काष्टा आवळून तिनं आठव्या पायरीवरून सूर मारला होता. एका हातानं माझं डोकं पाण्यावर काढलं आणि दुसऱ्या हातानं पैलवानांच्या सणसणीत थोबाडीत दिली. "पैलवान, हितं कुस्ती न्हाय! अंग ढिलं सोडा!" आणि काय सांगू, वस्तादाचा हुकूम आल्यासारखे हंबीरराव ढिले पडले. माझी मान सुटली. तोवर बाकीचे सात जण शर्यत सोडून आमच्याकडे वळले होते. खोट्या वयांची ती सगळी माणसं पाण्यात मात्र अगदी खरी निघाली. कुणी खांदा दिला, कुणी पाय उचलले, दोरी कमरेला बांधली. एकाही गड्यानं पलीकडची भिंत शिवली नाही.

पायरीवर पालथं घालून आमच्या पोटातलं पाणी काढलं. (डॉक्टर आले. रस संपवून आले, पण आले, त्यांचेही आभार.) हंबीरराव लहान मुलासारखे रडत धोंडुबाईच्या पाया पडले. ती म्हणाली, "उठा आता, भाकरीसंगचं कोरड्यास निवाय लागलंय."

जेवणं झाल्यावर कप कुणाला द्यायचा हा प्रश्न आला, आणि सकाळपासून पहिल्यांदाच बेळगाव, मिरज, सांगली, कोल्हापूर सगळ्यांचं एकमत झालं. धोंडुबाईनं कप उलटासुलटा करून पाहिला. "ह्यात पाव शेर दूध बी मावायचं न्हाय. ह्यो तुमाला ऱ्हाऊ द्या. माज्या दोन सुना घागरी घिऊन ह्याच हिरीत उतरत्यात, पवाय एकीला बी येत न्हाय. फुडच्या साली बायकांची शर्यत लावा, म्हंजे कुनीतरी शिकंल तरी." ओल्या धोतरात, दोनशे माणसांसमोर उभा राहून मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? हा श्वास तिचा आहे.

मुलांना आशीर्वाद सांग. दाजींना नमस्कार.

तुझा,
माधव

ता. क. पत्र खरं तर आता सुरू होतंय. पोहायला शिकणाऱ्या बायकांची यादी तीन दिवसांत अकरावर गेली. त्यांचं म्हणणं, काठावर पुरुषमाणूस नको. म्हणजे मी बाद. धोंडुबाई शिकवायला तयार आहे, पण तिची रीत म्हणजे चौथ्या पायरीवरून ढकलून देणं. राजारामपुरीच्या बायका तेवढ्यावरच पळतील. मला लहानपणी नदीच्या संगमावर भोपळा बांधून, पोटाखाली हात धरून, न ओरडता शिकवलं ते तू. पंधरा दिवस ये. पाऊस लागायच्या आत. तू येणार असं मी सांगून बसलोय, त्याबद्दल क्षमा.

ता. क. दुसरा (सौ. मीनाक्षीच्या हातचा). वन्सं, यांनी सगळं लिहिलं, एक लिहिलं नाही, कारण ते यांना माहीत नाही. हे खाली गेले तेव्हा मी पाण्यापासून दोन हातांवर उभी होते. चोवीस वर्षांचा संसार, आणि मला नुसतं ओरडता आलं. यादीत पहिलं नाव माझं आहे. मला शर्यत-बिर्यत नको. तुम्ही या.