उभ्याने बघायचं नाटक

दाजी, नमस्कार. (वाकून नाही, कंबर धरलीय.) तुमची शुगर उतरली का ते कळवा, आमच्या धाकटीला आशीर्वाद सांगा, बाकी इथे सगळं बरं आहे असं लिहायची पद्धत आहे, पण ते खरं नाही.

तुमच्या भाच्याने नाटक लिहिलं. तुमच्याच साहेबांच्या औषध कारखान्यात सूनबाई बाटल्यांना लेबलं लावते ते तुम्हाला माहीत आहे. तिथे बायकांनी दिवसभर उभंच राहायचं. तिला सातवा लागलाय, संध्याकाळी चपला हातात घेऊन येते, पायात शिरतच नाहीत. अख्ख्या खात्यात एकच स्टूल, तेही लंगडं, त्यावर बायका आळीपाळीने टेकतात. मी चिरंजीवांना म्हटलं, साहेबांना जाऊन सरळ सांग. तर म्हणाला, बाबा, सांगून कळत नाही, भोगून कळतं. आणि दार लावून लिहायला बसला. (खुर्चीवर.)

तर नाटकाची करामत अशी. हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या काढल्या. तिकीट घ्या आणि दोन तास उभे राहा. स्टेजवर चार बाया रिकाम्या टेबलावर नुसते हात हलवतात, बाटल्या नाहीतच, बोलायचं नाही, मधूनच घंटा वाजते. एकच खुर्ची, तिच्यावर मालक, तोही पाठमोरा. मी विचारलं, तोंड का नाही दाखवत? म्हणे, म्हणजे प्रत्येकाला आपापला मालक दिसेल. मी अर्ध्यातच दारातल्या पायपुसण्यावर बसलो, तर चार जण माझ्याकडे बघून माना डोलवायला लागले, त्यांना वाटलं मीही नाटकातलाच.

आता ऐका. तुमचे साहेब आले. हॉलवाल्याने धावत जाऊन त्यांना खुर्ची आणून दिली! (गादीची.) सगळं पब्लिक उभं, मधोमध साहेब बसलेले. मी म्हटलं, झालं, बोंबललं. पण चिरंजीव खूश, म्हणाला इतकं चांगलं मला लिहिताच आलं नसतं. साहेब शेवटी रडले हो, खरोखर रुमाल काढून. स्टेजवर जाऊन म्हणाले, "अशीही माणसं असतात हे बघून मान खाली गेली. शेजारच्या कारखानदाराला हे दाखवलंच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नाटकाला मदत पाठवली. काय पाठवलं असेल? ते लंगडं स्टूल. खऱ्या वस्तूने प्रयोगाला वजन येईल म्हणे. आता ते रोज स्टेजवर असतं, त्याच्यावर लाईट टाकतात, लोक टाळ्या वाजवतात, आणि खात्यात टेकायला काही म्हणजे काही राहिलं नाही. चिरंजीव दुसरं नाटक लिहितोय. मी बोलणं सोडलंय.

तुमचा,
थोरला मेहुणा

ता. क. तुम्ही साहेबांच्या ऑफिसात रोज त्यांच्यासमोर असता. जावयाकडे शब्द टाकणं मला आवडत नाही, पण सूनबाईला एक स्टूल मिळेल असं बघा. नाटक न करता सांगा.

ता. क. दुसरा. सूनबाईने हे वाचलं. म्हणाली, "बाबा, मी एकटी बसले तर बाकीच्या माझ्याकडे बघत कशा उभ्या राहतील? सगळ्यांना मागा, नाहीतर खोडा." सगळ्यांना कोण देतंय. तेव्हा वरचं खोडलं असं समजा. मी खोडलेलं नाही, कारण ती आत्ताच कामावर गेली.