पांढरं सोडायचं असतं

३ फेब्रुवारी, मंगळवार

निवडली! माझी चित्रं, सहाच्या सहा. चित्रकलेचे मास्तर वाचनालयाच्या टेबलावर माझी वही उघडून वाकले ते पंधरा मिनिटं वर आलेच नाहीत. मला वाटलं डोळा लागला. मग म्हणाले, "आजी, हा तपकिरी उबदारपणा कुठून आणलात? प्रत्येक पानावर संध्याकाळ पसरलीय." म्हटलं, नातीच्या जुन्या रंगांच्या डबीतून आणला, आणखी कुठून आणणार.

एक मार्चला, रविवारी, वाचनालयाच्या लांब भिंतीवर लागणार. किल्लीवाला, शिंपीण, पेंगट (आमच्या इमारतीचा राखणदार, त्याला जागा दाखवायचा तर मनानेच काढावा लागेल), सून, पाण्याच्या टाकीमागचा चढ, आणि आमचा म्हातारा. चौथीत शाळा सुटली. त्यानंतर मला कुणी कशात निवडलेलं नाही. लग्नातसुद्धा नाही. बघायला आले होते ते माझ्या बहिणीला.

चित्रांच्या पाठीवर हे लिहिते. कागद जाड आहे, वाया का घालवा. शिवाय चित्र लागलं की पाठ भिंतीकडे. कोण वाचतंय.

५ फेब्रुवारी, गुरुवार

नात म्हणते, "आजी, टाकीमागचं आकाश पिवळं का गं?" म्हटलं, मला दिसतं तसं मी काढते, तुला वेगळं दिसत असेल तर तू काढ. ती आईच्या कानाला जाऊन लागली. चहाडखोर.

९ फेब्रुवारी, सोमवार

सुनेने धरून डोळ्यांच्या डॉक्टरणीकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "चांगलाच पिकलाय," म्हणे. बाजारातलं फळ दाबून बघावं तशी बोलते. "आजी, इतके दिवस तुम्हाला दिसत कसं होतं?" म्हटलं, बघण्यासारखं जेवढं होतं तेवढं दिसत होतं.

उजवा परवा. डावा महिन्याने. होऊन जाऊ दे. चित्रं काढून झालीत, आता डोळ्यांना काम काय.

११ फेब्रुवारी, बुधवार

उजवा झाला. पट्टी आहे. अक्षर वाकडं येत असेल तर येऊ दे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पट्टी काढली. निळा!

कुणी सांगितलं कसं नाही मला? निळा रंग इतका निळा असतो? न्हाणीघरातली बादली निळी आहे. सहा वर्षं मी तिला शेवाळी समजून घासते आहे. भिंती पांढऱ्या. दूध पांढरं. डॉक्टरणीचा डगला इतका पांढरा की मी मान वळवली. उजवा डोळा मिटला की सगळं चहाच्या गाळण्यातून बघावं तसं, डावा मिटला की लख्ख. गाडीत बसून सारखं तेच करत होते. गाडीवाल्याला वाटलं मी त्याला डोळे मारते.

सुनेचा स्वेटर जांभळा आहे. दोन हिवाळे मी तिला म्हणत आले, हा मातकट रंग कुठून उचललास. आज म्हटलं, चांगला दिसतो. ती घाबरून सासऱ्याला विचारायला गेली, आईंना बरं आहे ना.

मग वही उघडली.

सगळ्यांना कावीळ. किल्लीवाल्याला कावीळ, शिंपिणीला कावीळ, पेंगटाला, सुनेला. आमचा म्हातारा तर हळदीच्या पाण्यातून काढलेला. टाकीमागच्या चढालासुद्धा सोडलं नाही मी. आधी पोट धरून हसले. मग अंगाचा तिळपापड झाला. संध्याकाळ म्हणे! तो माझ्या डोळ्यातला गढूळपणा होता, आणि मास्तर त्याच्यावर भाळले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

काळा चष्मा लावून वाचनालयात गेले. म्हटलं, ही चित्रं लावायची नाहीत. खोटी आहेत.

मास्तर : "आजी, तीच तर तुमची शैली."
मी : "शैली नव्हे, मोतीबिंदू."

मास्तर ऐकेनात. पत्रिका छापून झाल्यात, त्यात सहा चित्रं लिहिलीत. शेवटी एवढ्यावर आले : शनिवारी, अठ्ठावीसला दुपारपर्यंत नवीन आणलीत तर नवीन, जेवढी कमी पडतील तेवढी जुनी लावणार. म्हणजे सहाही नवी हवीत. एक जरी जुनं भिंतीवर गेलं तर लोकांना वाटेल म्हातारीला एवढंच दिसतं.

जाताना मास्तरांनी एक गोष्ट सांगितली ती मात्र लाखाची. पाण्याच्या रंगात पांढरा नसतो. "पांढरं रंगवायचं नाही आजी, सोडायचं." कागद कोरा ठेवायचा, तोच पांढरा. मी आजवर सगळीकडे रंग फासत आले, तिळाएवढी जागा कोरी ठेवली नाही. पांढरं दिसलं असतं तर ठेवली असती ना.

डॉक्टरणीला फोनवर विचारलं. ताठ बसून, वाकायचं नाही, एका वेळी अर्धाच तास. म्हटलं बरं. दिवसात असे किती अर्धे तास, ते तिने सांगितलं नाही.

१६ फेब्रुवारी, सोमवार

किल्लीवाला झाला. डाव्या डोळ्यावर चष्म्याखाली रुमाल खोचला आणि सुरू केलं. काय माणूस आहे! बोटांच्या टोकांना लोखंडाचा करडेपणा मुरलाय, नखाखाली निळसर. मागच्या वेळी मी ते तपकिरी काढून मोकळी झाले होते. डोळ्यातलं पांढरं सोडलं आणि तो पानातून माझ्याकडे बघायलाच लागला.

तो म्हणतो, "आजी, आता मी जरा बरा दिसतो." म्हटलं, बरा नाही, आहेस तसा.

१८ फेब्रुवारी, बुधवार

शिंपीण झाली. तोंडात टाचण्या धरून बसली म्हणून अर्धा तास तरी गप्प राहिली. टाचण्या काढल्यावर म्हणते, "मागच्या वेळी तुम्ही मला आजारी काढली होतीत. मोठ्या माणसाला कसं सांगावं म्हणून बोलले नाही."

म्हणजे सगळ्यांना दिसत होतं! पाच माणसांनी आपापलं चित्र बघितलं, पाचही गप्प. एक ती नात बोलली, तिला मी झापलं. तिला नवा ब्रश देऊन टाकला. माफी वगैरे मागत बसले नाही, डोक्यावर बसेल.

२१ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवसांत दोन. पेंगट झोपेतच काढला, म्हणजे जसा आहे तसा. खुर्ची, टोपी, उघडं तोंड. जागा झाल्यावर चित्र बघून म्हणाला, "हे साहेबांना दाखवणार नाही ना?" म्हटलं, साहेब वाचनालयात कशाला येतील.

टाकीमागचा चढ सकाळी सातला, गच्चीवरून. आकाश सोडून दिलं, वर नुसतं निळ्याचं पाणी फिरवलं. खाली गवत पाच प्रकारचं हिरवं. पाच! मोजलं.

हात थांबत नाही. रात्री डोळे मिटले तरी रंगच दिसतात. चौऱ्याहत्तर वर्षं उगाच घालवली की काय असं वाटतं, पण ते म्हणण्यात अर्थ नाही. दोन राहिलीत.

२३ फेब्रुवारी, सोमवार

सून झाली. जांभळा स्वेटर घालून बसवली. तिच्या कानामागे एक तीळ आहे. अकरा वर्षं एका घरात राहून मला माहीत नव्हता. सांगितलं तर म्हणाली, "आई, तो मलाही माहीत नव्हता." आरशात वाकडी मान करून बघत बसली. मग दोघीजणी उगाच हसलो. कधी नव्हे ते.

आता म्हातारा.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

बसत नाही. "एकदा काढलंस ना? तेच तोंड आहे." म्हटलं, अहो, तेच आहे म्हणून तर नीट बघायचंय. पंचावन्न वर्षं अंदाजाने चाललंय.

हल्ली दिवसभर लोळतो. अर्धं ताट तसंच टाकतो, म्हणतो भूक नाही. भिंतीवर चित्रं माझी लागणार आणि थकवा याला. म्हटलं, परवा बसला नाहीत तर झोपेत काढीन, पेंगटाशेजारी लावीन. तेव्हा कबूल झाला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

बसला. संध्याकाळी, दिव्याखाली, खुर्चीत उशी घालून. सारखा हात खाजवतोय, दंड खाजवतोय. म्हटलं, हलू नका. "मेल्यावर काढ, अजिबात हलणार नाही." म्हटलं, तेव्हा मला दुसरी कामं असतील.

कपाळ पहिल्या फटक्यात आलं. टक्कल आलं, त्याच्यावरचा उजेड कोरा सोडला, चकाकलं. कान आला, कानातले केसही आले. असा हात कधी चालला नव्हता माझा! ओठांची ती वाकडी रेघ, मी काही म्हटलं की उमटते ती, तीसुद्धा. मग डोळे. पांढरं सोडलं, मास्तरांनी सांगितलं तसं.

डोळे त्याचे वाटेनात. खोटे बसवल्यासारखे, काचेच्या गोट्या. ब्रशच्या टोकाने जरा पिवळं फिरवलं, आणि लगेच तो आला. हुबेहूब. पण पिवळा! गालही तसेच. पुन्हा तेच जुनं खूळ. ब्रश धुतला. पाणी तीनदा बदललं. डाव्या डोळ्यावर रुमालाची दुहेरी घडी. दुसरं पान घेतलं, परत तेच. याच डबीने, याच डोळ्याने चार माणसं बरोबर आली आणि हा एक येत नाही. जन्मभर असाच, सरळ म्हणून काही करायचं नाही.

दोन्ही पानं बाजूला टाकली. दिव्याचा दोष असणार. उद्या सकाळी खिडकीत बसवते, उन्हात. शनिवार दुपारपर्यंत वेळ आहे. हरत नाही मी.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी खिडकीत बसवला. रंग काढलेच नाहीत. वहीतला कोरा कागद फाडून त्याच्या डोळ्याशेजारी धरला. कागद पांढरा. डोळा पिवळा. सुनेला हाक मारली. तिने एकदा कागद बघितला, एकदा त्यांना बघितलं, आणि म्हणाली, "आई, रोज ताट वाढते मी यांना. मला कसं दिसलं नाही?" म्हटलं, मला दिसलं, तर मी ब्रश धुवत बसले.

कालची दोन्ही चित्रं बरोबर होती.

सून गाडी बोलवायला खाली गेलीय. मास्तरांना निरोप पाठवला, पाचच लावा, सहावी जागा कोरी राहू दे, जुनं लावाल तर खबरदार. दवाखान्यासाठी म्हाताऱ्याचे कपडे पिशवीत भरले. तो अजून खिडकीत ताठ बसलाय. विचारतोय, आता हललं तर चालेल का.