चार पावलांचा मान

प्रिय साईश,

उद्या देवळात गावाची बैठक आहे. गेल्या वर्षीच्या त्या दिवसानंतर बंद पडलेली पालखी यंदा काढायची का, ते ठरणार. सगळे माझ्याच तोंडाकडे बघणार रे! त्याआधी तुझ्याशी बोलायला हवं, म्हणून हे पत्र.

घरात मी एकटाच आहे. आई तुझ्या ताईकडे फोंड्याला गेली ती तिकडचीच झाली. फोन करते, जेवलात का विचारते, ठेवते. सकाळी पोदेराकडून मी दोनच पाव घेतो, त्यातलाही एक संध्याकाळपर्यंत कडक होतो.

मानपानावरून तू किती हसायचास! मांद्र्याच्या गेस्टहाऊसमधल्या कामावरून आलास की मला चिडवायचास, "बाबा, देव पालखीत आरामात बसलेलो आसा. खांदो खंयच्या वाड्याचो, तेका काय पडलेला नाय!"

मी रागवायचो. पिंपळाच्या पारापाशी आपला वाडा खांदा सोडतो आणि वरचा वाडा घेतो. पाराच्या अलीकडे की पलीकडे, यावरून तुझ्या आजोबांच्या काळापासून तंटा. अंतर किती? चार पावलं! त्या चार पावलांसाठी धक्काबुक्की झाली, वरच्या वाड्यातल्या नितेशने तुला ढकललं आणि तुझं डोकं पाराच्या दगडावर आपटलं. शाळेत तुझ्या डब्यात जेवणारा नितेश!

त्याची आई आता आपल्या दारावरून जात नाही, बांधावरून वळसा घेते. परवा समोर आली तेव्हा मीच पाठ फिरवली.

वाड्यातली पोरं रोज येतात. "काका, तुमी फकत हूं म्हणा, फुडला आमी बघतलो." खोटं कशाला सांगू, सुरुवातीला ते ऐकून बरं वाटायचं. मलाही कुणाचं तरी डोकं फुटलेलं हवं होतं. पण काल त्यांच्यातला एकजण तुझा निळा शर्ट घालून आला. बाराव्यानंतर मीच दिलेला. पाठमोरा बघून मी "साईश" म्हणून हाक मारली. तो वळला तेव्हा भानावर आलो. उद्या हाही पडला तर? याच्या बापानेही माझ्यासारखं एकट्याने ताट वाढून घ्यायचं?

आता खरं ते सांगतो. त्या सकाळी तू निघताना मी बजावलं होतं, "खांदो सोडू नको हां!" हेल्मेट घाल म्हटलं, ऐकलं नाहीस. दर्यात फार आत जाऊ नको म्हटलं, ऐकलं नाहीस. जन्मात एकदाच बापाचं ऐकलंस, तेही नेमकं हेच? एवढा शहाणा तू, हसून सोडून का नाही दिलास रे?

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. पण तेव्हा आई उंबरठ्यावर उभी होती. तिने ऐकलं होतं. वर्षभरात त्यावर एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

बाळा, शब्द देतो. उद्या सगळ्यांसमोर उभा राहून सांगेन: ढकललं नितेशने, त्याचा न्याय कोर्ट करील, पण तिथे अडून उभं राहायला मी सांगितलं होतं. पालखी निघू दे. पाराच्या अलीकडेच आपण खांदा सोडू. कुणी भित्रा म्हणो, कुणी म्हणो मानावर पाणी सोडलं. माझ्या पोराच्या नावाने कुणावर हात उचलायचा नाही.

बैठक संपली की फोंड्याची बस धरीन. आईला सगळं ठाऊक आहे. माझ्या तोंडून मात्र तिने ते अजून ऐकलेलं नाही.

तुझा,
बाबा