डाव्या हातातली काकणं

१५ नोव्हेंबर १९७१, सोमवार

आज वरच्या पठारावर गवताला विळा लागला. सात बायका, आठवी मी. दरसालासारखं सगळ्यांना खाली बांधावर उभं केलं आणि सांगितलं. आधी काठी, मग डोळा, मग हात. वहाणा नसतील तिनं घरी जावं. कालची पेंढी उचलायची तर आधी काठीनं उलटी पाडायची.

गंगू म्हणाली, "आक्का, आरतीगत दरसाली त्येच म्हंतीस."

म्हटलं, आरती चुकली तर देव चावत नाही.

शेवंता, माझी धाकटी जाऊ, यंदा पहिल्यांदाच वर आली. काठी लाटण्यासारखी धरते. दोनदा सांगितलं. हसली नुसती.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

धुकं. माझाच विळा मला दिसेना. बायका गवतात कुठं शिरल्या कळत नव्हतं, नुसती काकणं ऐकू येत होती. गंगूची दोनच, टक टक. शेवंताची हातभर, खडकावरून पाणी उतरल्यासारखी. मी विळा थांबवून मोजत उभी राहिले. सातही हात वाजले म्हंजे सात जित्या.

माझ्या हातात काच नाही, बारा वर्षं झाली. म्हणून मी ओरडते. नाहीतर त्यांना कसं कळायचं मी कुठं आहे.

ह्यांना याच पठारावर फुरसं चावलं. दवाखान्यात न नेता देवळात नेलं, दुपारपर्यंत घंटा बडवली. मी पण पदर पसरून बसले होते तिथंच. असो. धुकं लागलं की डोकं असंच कुठंही जातं. कामाच्या वेळी नको ते.

२४ नोव्हेंबर, बुधवार

हसीनाबी आली होती गडहिंग्लजहून, काकणांची पेटी घेऊन. शेवंताच्या हाताला साबण लावून, अंगठा मुडपून, इतकी घट्ट भरली की पोरीच्या डोळ्यांत पाणी. नऊ डाव्या हातात, नऊ उजव्या. हिरवी. आत्ती, म्हंजे आमची सासू, समोर बसून बघत होती. "घट्टच भर गं. ढिली काकणं रांडमुंडीगत वाजत्यात."

माझ्याकडं बघितलं नाही म्हणताना. बघायचं कशाला.

दत्ता, माझा धाकटा दीर, शेवंताचा नवरा, लष्करात आहे. आता सीमेवर आहे एवढंच ठाऊक. पत्त्यावर गाव नसतं, नुसता आकडा. हे गेले तेव्हा दत्ता अकरा वर्षांचा. माझ्या हातचं खाऊन वाढला.

१ डिसेंबर, बुधवार. दवाखान्याच्या व्हरांड्यात.

काल सकाळी. मी पुढं काठी आपटत होते. मागं शेवंतानं कालची पेंढी उचलली, काठी न लावता, खालून हात घालून. मला आवाज आधी आला. तापल्या कढईत वाळू ढवळावी तसा. मग शेवंता म्हणाली, "आक्का, कायतरी लागलं." इतकं हळू म्हणाली की मला वाटलं काटा.

पेंढीखाली फुरसं. वेटोळं घालून अंग अंगावर घासत होतं. डाव्या अंगठ्याच्या मुळाशी दोन ठिपके.

गंगू विळा घेऊन कापायला आली. तिला ढकललं. कापायचं नाही, चोखायचं नाही, हात हलवायचा नाही. दोघींना घोंगडं आणायला पळवलं. तोवर हात फुगायला लागला. मनगट भरून आलं आणि नऊच्या नऊ काकणं मांसात रुतायला लागली. साबण कुठला तिथं. बोटं निळी.

म्हटलं, फोडते.

"न्हाय आक्का. तू हात लावू नगंस." उजव्या हातानं झाकून धरलं तिनं. "त्ये तिकडं हैत. तुझ्या हातानं न्हाय."

समजलं मला. विधवेच्या हातानं न्हाय. गंगूला म्हटलं तू फोड. गंगूनं मान फिरवली. कुणीच येईना. सगळ्या सवाष्णी, आणि एकीचाही हात उठेना.

मग मी दगडावर तिचा हात धरला आणि विळ्याच्या पाठीनं फोडली. एक एक. नऊ. शेवंता रडली ती चावल्याला नाही, याला रडली.

घोंगड्याची झोळी करून सडकेपर्यंत आणली. चालू दिलं नाही. एसटी थांबली. इथं आल्या आल्या सुई टोचली, रात्रीत आणखी. डॉक्टर तरणा आहे. विचारलं, "बांगड्या कुणी काढल्या?"

"काढल्या न्हाईत, फोडल्या. म्या."

"बरं केलंत. हात वाचला."

पदराच्या गाठीत काचेचे तुकडे आहेत. पठारावर कशाला टाकायचे, कुणाच्या तरी पायात जातील, म्हणून गोळा केले. अजून तसेच आहेत.

४ डिसेंबर, शनिवार

हिरड्यांतून रक्त येत होतं ते थांबलं. पेज प्याली. शुद्धीत आहे.

दुपारी कंपाउंडर रेडिओ घेऊन व्हरांड्यात बसला होता. लढाई लागली. काल संध्याकाळी.

शेवंतानं खाटेवरून विचारलं, "काय म्हंतोय त्यो?"

म्हटलं, बाजारभाव.

८ डिसेंबर, बुधवार

घरी आणली. आत्ती दारातच. शेवंताचा डावा हात बघितला, भोपळ्यासारखा, मोकळा.

"एक ल्योक तुझ्या पायगुणानं गेला. दुसऱ्याची काकणं तू हातानं फोडलीस. मंगळवारी फोडलीस आन् शुक्रवारी लढाई."

म्हटलं, लढाई माझ्या विळ्यानं लागली नाही.

लगेच नवीन भरा म्हणून हट्ट धरून बसली. म्हटलं, सूज उतरल्याशिवाय या हाताला दोरासुद्धा लागणार नाही. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मला काय. पण चूल फुंकताना एकदा मनात आलंच, चार काकणं ठेवली असती तर. नाही. चारांनीही हात गेला असता.

१२ डिसेंबर, रविवार

दुपारी गंजीला टेकून डोळा लागला. पठारभर हिरव्या काचेचं गवत. वारा आला की सगळं वाजतं, दूरपर्यंत. ऊन त्यातून जातं आणि जमिनीवर हिरवं पडतं. चांगलं वाटत होतं. मग दत्ता त्यातून येताना दिसला, अनवाणी, अकरा वर्षांचा. मी ओरडते, वहाणा घाल, आधी काठी मार. तोंडातून आवाज नाही. हात हलवते, तर हातात वाजायला काही नाही. तो दुसरीकडंच बघत चालला आहे, मजेत.

जागी झाले तर गंगू उभी. "आक्का, झोपंत कुणाला शिव्या देतीस?"

१७ डिसेंबर, शुक्रवार

लढाई थांबली. शाळेत पेढे वाटले. आत्तीनं पेढा देवापुढं ठेवला, खाल्ला नाही. पत्र नाही. तारही नाही. तार नाही हे बरं, असं शेवंता म्हणाली. तिला कुणी शिकवलं हे.

२० डिसेंबर, सोमवार

हसीनाबीला निरोप धाडून बोलावलं. तिला पठारावरचं सगळं सांगितलं. म्हटलं, गवताच्या दिवसांत मोठ्या मापाची भर. साबणाशिवाय उतरली पाहिजेत. एका झटक्यात.

"अगं बाय, बायका शिव्या देत्याल मला. ढिली कोण घालंल?"

"मी सांगते म्हणून घालतील."

"तुझं ऐकत्यात का?"

ऐकत नाहीत. गंगू तोंडावर म्हणाली, "पेंढी उलटी पाडीन, वहाणा घालीन, काकणं उतरणार न्हाय. तुला काय जातंय आक्का, तुझा हात मोकळाच हाय."

उत्तर होतं. दिलं नाही. म्हातारी होत चालले वाटतं.

शेवंताची सूज उतरली. तिनं मोठ्या मापाची नऊ घेऊन ठेवली. घातली नाहीत. पत्र आल्यावर घालीन म्हणाली. आत्तीनं कपाळाला हात लावला.

२३ डिसेंबर, गुरुवार

पत्र आलं. अंतर्देशीय, दत्ताचंच अक्षर. घरात वाचता येतं ते मला एकटीला, तिसरीपर्यंतचं. शेवंता आणि आत्ती समोर बसल्या. उघडलं आणि वर तारीख बघितली. २८ नोव्हेंबर.

काकणं फोडायच्या दोन दिवस आधीचं. लढाईच्याही आधीचं.

आयुष्यात मी कुणाला झाकून काही सांगितलं नाही. तोंडावर सांगते म्हणून निम्मं गाव माझ्याशी बोलत नाही. आज तारीख गिळली. खालचं वाचलं. इकडे थंडी फार. आईच्या गुडघ्याला तेल लावत जा. वैनी पठारावर अजून ओरडते का. तिला सांग, इथंही पाय टाकायच्या आधी खाली बघावं लागतं, तिचंच बोलणं कामाला येतं.

एवढं मी दोनदा वाचलं. आत्ती रडत हसत होती. पेढा खाल्ला, सहा दिवसांचा, दगड झालेला. शेवंता उठली आणि मोठ्या मापाची काकणं डाव्या हातात चढवली. एकटीनं, साबणाशिवाय.

२६ डिसेंबर, रविवार

शेवटची पट्टी कापायची राहिली होती. शेवंता येते म्हणाली. म्हटलं, कापायचं नाही, बसायचं, तेही दगड उलटा करून बघून. व्हय म्हणाली. काठी आता नीट धरते.

पुन्हा धुकं. मी मोजत होते. गंगू, टक टक. बाकीच्या. मग शेवंताचं, नवीन, ढिलं, मनगटावरून कोपरापर्यंत घरंगळणारं. ऐकत ऐकत कापत होते. गवत ओलं, हात आपोआप चालला होता, मी अर्धी कुठंतरी.

मग ते वाजायचं थांबलं. ओरडले, "शेवंता!"

"हाय की आक्का. हितंच हाय."

काठी मारत आवाजाच्या रोखानं गेले. पेंढ्यांपाशी उभी होती. कालची पेंढी काठीनं उलटी पाडलेली. डावा हात मोकळा, काकणं पदरात बांधलेली.

"पेंढी उचलायची हुती," म्हणाली. "म्हणून उतरवली. खाली गेल्याव घालीन."

"बसायला सांगितलं होतं."

"व्हय." मग म्हणाली, "आक्का, पत्रावरची तारीख आधीची हाय न्हवं?"

मी पेंढीखाली काठी फिरवली.

"तू वर बघितलंस आन् गप झालीस. तू कवा गप व्हतीस?"

"मग घातलीस कशाला काकणं?"

"आत्तीनं पेढा खाल्ला हुता."

पेंढीखाली काही नव्हतं. ओली माती, दोन गोगलगाई. दोघींनी मिळून उचलली. ती पुढं निघाली. धुक्यात दिसेना, पण चालताना पदरातली गाठ वाजत होती. बारीक. मी तिच्या मागनं, काठी आपटत.