कागदावरचे तेरा किलो

१९ ऑगस्ट, सकाळी, दुकान उघडण्याआधी

चि. लेकीस,

बापाचा आशीर्वाद. तिकडे वेळेवर जेवतेस, की मालकांच्या म्हाताऱ्याला भरवता भरवता स्वतःचं ताट विसरतेस? तुझ्या गोळ्या चुकवू नकोस. दर आठवड्याला फोन होतो, मग पत्र कशाला, असं वाटेल. फोनवर तुझ्याशेजारी मालकीण असते, माझ्याशेजारी गिऱ्हाईक. शिवाय अवघड बोलायला गेलं की माझ्या तोंडून विनोदच बाहेर पडतात, हे तुला माहीत आहे.

तुझी आई गुडघा धरून चालते, पण मला बोलायला तिला गुडघा लागत नाही. भिंगरी पहिलीत गेली. तिच्या बाईंनी फळ्यावर सिंह काढला, तर म्हणे, "याला माझ्या आजोबांकडे पाठवा, केस फार वाढलेत." दुकानात तिसरी खुर्ची आणली, मागे झुकणारी. झाडाखाली पेटी मांडून बसणाऱ्याने अजून काय मागावं?

एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली कसली, मी ठेवली. दुकानासमोर, जुन्या टपाल कचेरीच्या इमारतीत आपल्या आजाराचं उपचार केंद्र उघडलं. दीड वर्ष झालं. फलकावर लिहिलंय, एचआयव्ही उपचार, मोठ्यांसाठी व बालकांसाठी. भिंगरीच्या औषधासाठी मी चार तास बसने जायचो, तेव्हा तू विचारायचीस, "बाबा, आपल्याकडे कधी होणार?" झालं, ते थेट माझ्या आरशात दिसेल असं झालं.

एक निवृत्त कारकून रोज दाढीला येतात. गालाला फेस, नजर आरशातून रस्त्यापलीकडे. "ती बघा, कोपऱ्यावरची. तोंड झाकलं की ओळखू येत नाही होय!" शेजारच्या खुर्चीतला कंत्राटदार म्हणाला, "ज्याच्या घरात हे असेल त्याच्या वस्तऱ्याखाली मान देईल का कोणी? काय मालक?"

मी म्हणालो, "वस्तरा माझा असला तरी मान तुमची, साहेब. हलवू नका."

सगळे हसले. मीही हसलो, पोरी. दर गिऱ्हाइकाला नवं पातं मी लावतोच, त्या दिवशी त्याच्यादेखत दोनदा बदललं.

त्याच महिन्यात लांबच्या केंद्रात औषधाच्या रांगेत उभा होतो. पुढे दोन बायका बोलत होत्या. एक म्हणाली, "माझ्या नातवाचे चौदा किलो भरले. आता डोस वाढणार, पोराला समोर आणा म्हणतात. आणि फाइल आमच्याच गावच्या केंद्रात पाठवणार." कान उघडे ठेवूनच तर मी धंदा उभा केलाय. खिडकीशी गेलो. आतल्याने विचारलं, "मुलीचं वजन?"

म्हणालो, "तेरा."

पुढच्या महिन्यातही तेराच. मुलगी कुठे आहे, विचारलं की कधी शाळा, कधी परीक्षा. तिथे रांग दारापर्यंत आणि खिडकीत माणूस एकच, त्याला मान वर करायला सवड नव्हती. दीड वर्ष तुझी पोर कागदावर तेरा किलोची राहिली आणि घरात वाढत गेली. तू फोनवर वजन विचारायचीस तेव्हा मी म्हणायचो, "तुझ्यासारखीच, खाते आणि अंगाला लावून घेत नाही." तू हसायचीस.

जूनपासून तिला ताप यायला लागला. मग तोंडात फोड आले, खोकला थांबेना. तेव्हा तिला घेऊन त्या लांबच्या केंद्रात गेलो. डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं. सतरा. त्यांनी फाइल उघडली, पानं मागे नेली. "आजोबा, ही दीड वर्षं तेराच किलोची होती?"

भिंगरी माझ्या आधी बोलली. "नाही काही! शाळेत मी केव्हाच सतरा भरले होते!"

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, लहान अंगाचं औषध मोठ्या अंगाला पुरलं नाही, आजार त्या औषधाला सरावला. रक्ताच्या तपासणीतही तेच आलं. आता दुसरं औषध लागेल.

"मग द्या ना."

"मोठ्यांचं आहे. मुलांचं अजून आलं नाही. कार्यक्रम वाढतोय, पण मुलांची औषधं सगळ्यांत शेवटी पोचतात. यादीत नाव घातलंय."

"मोठ्यांची गोळी अर्धी करून देतो. माझा हात बारीक कामाचा आहे."

"ही गोळी तोडायची नसते, आजोबा."

हाताने सगळं मिळवलेला माणूस मी. तिथे हात मांडीवर ठेवून बसलो.

फाइल मी आपल्या गावी मागून घेतली. सोमवारी सकाळी दहाला, तिन्ही खुर्च्या भरलेल्या असताना, तिचं बोट धरून रस्ता ओलांडला. परत आलो तर कंत्राटदार अर्ध्या दाढीने निघून गेला होता. कारकून बसून होते. म्हणाले, "आधी माझी पुरी करा," आणि डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवसापासून तेही आले नाहीत. ज्याला दीड वर्ष भ्यालो, ते एवढंच होतं.

रोज सकाळी समोर जाऊन विचारतो. नर्सबाई म्हणतात, "आज नाही, काका." कोणाच्या पाया पडावं तेही कळत नाही. नर्सबाई चांगल्या, डॉक्टरीण चांगली, सगळेच चांगले आहेत आणि औषध नाही. तिकडे मोठ्या रुग्णालयात मुलांचं मिळतं का, विचारून बघ. इथल्यांना ते सांगता आलं नाही. भिंगरी जुन्या गोळ्या अजून शहाण्यासारखी घेते. मी देतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, नवं येईपर्यंत चालू ठेवा.

तुझ्या आईला सगळं माहीत नाही. ती समजते, औषध आलं नाही म्हणून असं झालं. तिला मी सांगेन, पण आधी तुला सांगायला हवं होतं.

ये म्हणायचं तोंड मला नाही. आलीस तर माझ्याशी बोललंच पाहिजे असंही नाही. पण तू विचारतेस त्याचं उत्तर एकदा खरं देतो. आज सकाळी भिंगरीला काट्यावर उभं केलं, आकडा मी दोनदा वाचला. पंधरा किलो दोनशे.

बाबा